दुसऱ्याच्या गाडीतून सीमेपार

2018च्या जूनमध्ये नवी मुंबईतल्या ऐरोलीत जोराचा पाऊस कोसळत होता. वाहन मिळत नाही म्हणून भिजत उभ्या असलेल्या तिघा अनोळखी माणसांना एका गाडीवाल्याने आपल्या मोटारीत घेतले. वाहतूक पोलिसाने गाडी अडवली, अनोळखी माणसांना लिफ्ट देणे बेकायदा आहे असे सांगून पावती केली आणि त्या गृहस्थाला न्यायालयात जाऊन दीड हजार रुपये दंड भरावा लागला. मोटार वाहन कायद्याची 66 आणि 192 ही कलमे त्याच्यावर लागली होती. त्याने आपला अनुभव समाजमाध्यमावर लिहिला, देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो छापला, आठ-दहा दिवस लोक हळहळले आणि विषय मागे पडला.

नवी मुंबईत तरी तो मागे पडायला नको होता. मी नेरूळला राहते. आमच्या वस्तीला लागूनच सायन-पनवेल महामार्ग जातो. त्यावरचा एल.पी.चा थांबा आणि जरा पुढचा उरण फाटा या दोन जागा म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राकडे जायचे दरवाजे आहेत. पुण्याच्या शिवनेरीपासून कोल्हापूर, सातारा, कणकवली, पणजीच्या खासगी बसपर्यंत सगळ्या इथे थांबतात. संध्याकाळी सातनंतर पदपथावर बॅगा, पिशव्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि झोपाळलेली पोरे यांतून वाट काढावी लागते. त्या गर्दीच्या कडेला, दिव्याच्या खांबापासून थोडी लांब, दहा-पंधरा माणसे नेहमी असतात, ज्यांच्याकडे कुठल्याच बसचे तिकीट नसते. बांधकामावरचे गवंडी, सोसायट्यांचे रखवालदार, हॉटेलात भांडी घासणारी पोरे, सणाच्या दिवसांत तिकिटाचे वाढलेले दर न परवडणारी कुटुंबे. ती येणाऱ्या गाडीला हात दाखवतात. सिनेमातल्यासारखा अंगठा इथे कुणी काढत नाही. तळहात जमिनीकडे करून हात वरखाली हलवायचा, म्हणजे ट्रकवाल्याला बरोबर कळते.

हात कुणाला दाखवायचा हे नंबरपाटी बघून ठरते. एमएच 43 म्हणजे आपलीच, नवी मुंबईची; ती बहुधा बेलापूरला वळणार. 46 पनवेलची. 06 दिसली तर पेण-माणगावपर्यंतची आशा. 08 रत्नागिरी, 09 कोल्हापूर, 07 सिंधुदुर्ग. आणि जीए दिसली की सावंतवाडीकडचा माणूस चार पावले पुढे येतो. मार्च ते मे या महिन्यांत सगळ्यांत भरवशाची गाडी म्हणजे आंब्याचा टेम्पो. देवगड-वेंगुर्ल्याहून हापूस घेऊन रात्रभर चालत तो वाशीच्या बाजार समितीत येतो, माल उतरवतो आणि परतीला बरेचदा रिकामाच निघतो. चालक मालवणी, रस्ता ओळखीचा, केबिनमध्ये दोघांची जागा. माझ्या आजोळची कित्येक माणसे अशीच गावी जात-येत आली आहेत, आणि मीही मामेभावाबरोबर या वाटेने गेले आहे. एकट्या बाईने हात दाखवून रात्रीच्या ट्रकमध्ये बसावे असे मी कुणाला सांगणार नाही. बायका गटाने उभ्या राहतात, बसण्याआधी नंबरपाटीचा फोटो घरी पाठवतात, केबिनमध्ये आधीच दुसरी बाई असेल तर लवकर हो म्हणतात. हा भित्रेपणा नाही. ज्या रस्त्यावर दिवे, पोलीस आणि शेवटची एसटी यांतले काहीच भरवशाचे नाही, तिथे त्यांनी स्वतःपुरती घडवलेली ही व्यवस्था आहे.

आधी कायद्याचे बोलू, कारण लिफ्ट देणाऱ्याच्या मनातली भीती तिथूनच येते. कलम 66 सांगते की परवान्याशिवाय कुठलेही वाहन प्रवासी किंवा माल वाहतुकीच्या धंद्यासाठी वापरता येत नाही. खासगी मोटारीतून पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ते आहे. पैसे न घेता, वाटेत भेटलेल्या माणसाला दया म्हणून बसवून घेणे हा त्या अर्थाने धंदा होत नाही. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला पैसे घेतले की नाही हे कळणार कसे? ऐरोलीतल्या दंडाने नेमकी ही फट दाखवली आणि ती आजही बुजलेली नाही.

विम्याचा प्रश्न त्याहून कठीण आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाचा अपघातात मृत्यू झाला तर विमा कंपनी भरपाई देणे लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. 1994च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी गाडीत असेल तर त्याला संरक्षण आहे. उरण फाट्यावर चढलेल्या गवंड्याला नाही. खासगी मोटारीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तरी हीच गत. पॅकेज पॉलिसी असेल तर मात्र आत बसलेल्या पाहुण्यालाही संरक्षण मिळते. हा फरक गाडी घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतो. ट्रकमालक चालकाला सक्त ताकीद देतात की केबिनमध्ये परका माणूस घ्यायचा नाही, त्यामागे हे कारण आहे. तरीही चालक घेतात. रात्री दोन वाजता कशेडी घाट चढताना डोळा लागू नये म्हणून त्यांना बोलणारे माणूस हवे असते. लिफ्ट घेणाऱ्याने पाळायचा पहिला नियम त्यातूनच आला आहे: झोपायचे नाही. दुसरा, चहाचे पैसे आपण द्यायचे. तिसरा, चालक गाडी थांबवेल तिथे मुकाट उतरायचे, आणखी पुढे सोडा म्हणून अडायचे नाही.

पळस्पे फाट्यावर मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग 17 म्हणत, आता क्रमांक 66. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि पुढे एक तपाहून जास्त काळ कोकणी माणसाने त्या खड्ड्यांतून गणपतीला गाव गाठले. वडखळची कोंडी, नागोठणे, कोलाड, माणगावचा बाजार, मग महाड. महाडच्या पुढे सावित्रीवर नवा पूल आहे. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री पुरात जुना, ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस आणि इतर गाड्या माणसांसह नदीत गेल्या. त्या पुलावरून जाताना चालक आजही बोलायचे थांबतात. एक-दोघांनी आपण त्या रात्री किती मागे होतो ते सांगितले. लिफ्टमध्ये मिळणाऱ्या गोष्टी अशाच असतात, कुठल्या स्थानकात ऐकायला न मिळणाऱ्या.

पोलादपूर सोडल्यावर भाषा बदलत जाते. खेड-चिपळूणपर्यंत चालक विचारतो, कुठे जायचंय. राजापूर, खारेपाटण गेले की नांदगाव-कणकवलीच्या टपरीवर प्रश्न येतो, खंय जावचा आसा? आणि गावाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न घराण्याचा. कुणाचो? या एका प्रश्नाने कोकणातली लिफ्ट इतर ठिकाणच्या लिफ्टपेक्षा वेगळी होते. पाच मिनिटांत कुणीतरी सोयरा, कुणीतरी शाळेतला मास्तर, कुणीतरी एकाच चाळीत राहिलेला निघतो आणि अनोळखी माणूस अनोळखी उरत नाही. याची दुसरी बाजूही लिहायला हवी. ज्याचे गाव या पट्ट्यातले नाही, जो बिहारहून किंवा झारखंडहून आलेला मजूर आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न दार उघडत नाही. एल.पी.वर सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिलेली माणसे मला तीच दिसली आहेत.

एसटीवर मी टीका करणार नाही. 1 जून 1948ला पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी धावली तेव्हापासून या राज्याच्या खेड्यांना जोडून ठेवण्याचे काम तिनेच केले, आणि हात दाखवा, गाडी थांबवा ही तिचीच योजना. पण 2021च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला आणि उच्च न्यायालयाने कामावर परतायला दिलेल्या 22 एप्रिल 2022च्या मुदतीपर्यंत कित्येक आगारांतल्या गाड्या जागच्या हलल्या नाहीत. ते महिने खेड्यांनी लिफ्टवर, वडापवर आणि दूधगाड्यांवर काढले. शाळेत जाणाऱ्या मुली कुणाच्याही दुचाकीमागे बसून गेल्या. त्या काळात कुणी लिफ्ट देणाऱ्याला दंड केला असता तर गावे बंदच पडली असती. सार्वजनिक वाहतूक थकते तिथे लिफ्ट तिची जागा घेते. ही गोष्ट सरकारला माहीत आहे, फक्त कुठल्या कागदावर लिहिलेली नाही.

बांदा आले की सीमा आली. झारापपासून पत्रादेवीपर्यंतचा रस्ता पूर्वीच चौपदरी झाला आहे, त्यामुळे गाड्या सुसाट जातात आणि महाराष्ट्र कुठे संपला ते मोटारीतल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. कोकण रेल्वेने गेलात तर मडुरे मागे पडते, बोगदा लागतो, पेडणे येते. झोपलेला प्रवासी झोपेतच राज्य बदलतो. सीमा खरी दिसते ती दुसऱ्याच्या गाडीतून आलेल्याला. सिंधुदुर्गचा चालक बांद्याला उतरवतो, कारण त्याचे भाडे तिथवरच असते. मग पिशवी खांद्याला लावून पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत पोचायचे, पलीकडे पुन्हा हात दाखवायचा. गोव्याच्या हद्दीत प्रश्न बदलतो, खंय वता? आणि कुणी थांबले नाही तर पेडण्याच्या तिठ्यावर पायलट असतोच, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर पैसे घेऊन मागे बसवून नेणारा. परतताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ट्रक थांबवून उघडला जातो, कारण गोव्याची दारू महाराष्ट्रात आणायला बंदी आहे. नुसता लिफ्ट घेतलेला माणूसही तेव्हा खाली उतरून उभा राहतो, आणि त्याच्या पिशवीत काय आहे ते त्यालाच दाखवावे लागते.

पत्रादेवीला रस्त्याच्या कडेला हुतात्मा स्मारक आहे. तिथे गाड्या क्वचितच थांबतात. मी प्रत्येकाला तिथे थांबायला सांगते. कारण ज्या रेषेवरून आपण तीन सेकंदांत पलीकडे जातो ती 1961पर्यंत दोन राज्यांमधली नव्हे, दोन देशांमधली होती. पेडणे महाल सावंतवाडीकडून पोर्तुगिजांकडे गेला तो 1788च्या सुमारास, आणि तेव्हापासून पावणेदोनशे वर्षे या वाटेवर पोर्तुगालचे राज्य सुरू होत असे. बांद्याचा माणूस पेडण्याच्या बाजाराला जायचा, पेडण्याची मुलगी सावंतवाडीत दिलेली असायची, दोन्हीकडची कुळे आणि कुलदैवते एकमेकांत गुंतलेली. नाके होते, जकात होती; तरी ये-जा चालू होती. 1954-55मध्ये ती बंद झाली. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, परवान्याशिवाय येणे-जाणे थांबले, कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी रेल्वे बंद पडली. मुंबईत गिरगावात, भायखळ्यात नोकरी करणाऱ्या गोवेकरांना आपल्याच गावी जायला कागद लागू लागला. आईच्या आजारपणाची तार आली तरी परवाना हाती पडेपर्यंत थांबायचे.

त्याच काळात पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, शिरूभाऊ लिमये ही तिच्यातली माणसे. 18 मे 1955ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. जुलैत मधू लिमये गेले. गोरे आणि मधू लिमये या दोघांनाही पोर्तुगिजांनी लांबलचक शिक्षा ठोठावल्या. 1957मध्ये ते सुटले. 15 ऑगस्ट 1955ला हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी सीमा ओलांडून गेले, हातात शस्त्र नसताना. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक जण मारले गेले. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबातून आलेला कर्नेलसिंग होता, उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. ही माणसे गोव्याची नव्हती, महाराष्ट्राचीही नव्हती. देशाच्या दूरच्या कोपऱ्यांतून येऊन, सावंतवाडीकडच्या लोकांनी दिलेले जेवण जेवून ती या रेषेपर्यंत आली. 17 डिसेंबर 1961च्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या 50 पॅरा ब्रिगेडच्या तुकड्या दोडामार्गच्या बाजूने आत घुसल्या आणि 19 तारखेला साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. मग नाका राहिला, पण देश गेला.

तेरेखोलला गेल्याशिवाय ही सीमा पूर्ण कळत नाही. खेम सावंत भोसल्यांनी बांधलेला तेरेखोलचा किल्ला 1746ला पोर्तुगिजांनी घेतला. तो नदीच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला; पण गाव गोव्याचे. गोव्याच्या मुख्य भूमीवरून जायचे तर केरीहून फेरीबोट, पायी माणसाला पैसे पडत नाहीत. जमिनीने जायचे तर रेडीवरून, सिंधुदुर्गातून. 15 ऑगस्ट 1954ला आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या साथीदारांनी याच किल्ल्यावर तिरंगा चढवला होता. आज तिथल्या मुलाला दुचाकीवर लिफ्ट मिळाली की रस्त्याने तो महाराष्ट्रात, बोटीने तो गोव्यात. तिलारीचे पाणी कालव्याने दोन्ही राज्यांत वाहते. 2002च्या सुमारास कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्गात उतरले आणि तिन्ही राज्यांत फिरत राहिले. अडतात ती माणसे, आणि त्यांतही ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही ती.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. दोडामार्ग तालुका 1999 साली झाला. तिथल्या आणि सावंतवाडीतल्या किती तरी तरुणांचे पोट म्हापसा, डिचोली, पेडणे इथल्या कारखान्यांवर आणि हॉटेलांवर चालते; 2023च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यावर त्यात भर पडली. सकाळी दोडामार्गच्या तिठ्यावर उभे राहिले तर दिसते की पहिली बस भरून गेल्यावर उरलेली पोरे दुचाकीवाल्यांना, जीए पाटीच्या टेम्पोंना हात दाखवत असतात. मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली आणि गोव्याने सीमा बंद केल्या. नोकरी पलीकडे, घर अलीकडे. कुणी पलीकडे अडकले, कुणाचा पगार गेला. सीमाभागातल्या लोकांनी नाक्यावर येऊन आंदोलन केले. 1 सप्टेंबर 2020ला सीमा खुली झाली तोवर कित्येकांची कामे गेलेली होती.

आजारपणाचेही तसेच. सिंधुदुर्गच्या दक्षिण भागातला गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला जातो. तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची मुळे 1842मध्ये पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत आहेत. दोडामार्गहून ते कोल्हापूर किंवा मुंबईपेक्षा किती तरी जवळ. जानेवारी 2018पासून परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गच्या लोकांनी मोठे आंदोलन केले. गोव्याच्या करदात्याने शेजाऱ्याच्या रुग्णालयाचा भार किती वाहावा, हा प्रश्न खोटा नाही. पण रुग्ण शेवटी कुणाच्या तरी गाडीतूनच जातो. रात्री रुग्णवाहिका मिळाली नाही की गावातला जीपवाला, वाळूचा टेम्पो, पोलिसाची गाडी, जे मिळेल ते थांबवले जाते. त्या वेळी परवाना, कलम 66 आणि विम्याची अट कुणी विचारत नाही आणि विचारूही नये.

2013मध्ये गोव्याने बाहेरच्या राज्यांतल्या गाड्यांवर प्रवेश शुल्क लावले तेव्हाही सिंधुदुर्ग पेटला होता, आणि एमएच 07च्या गाड्यांना सूट द्यावी लागली. कागदावर आखलेली सीमा आणि माणसांनी वापरलेली सीमा वेगळ्या आहेत हे सरकारला अशा वेळी मान्य करावे लागते. बेळगावच्या बाजूला हे अजून झालेले नाही. डिसेंबर 2022मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटीने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि चंदगड, निपाणीकडची माणसे मधल्यामध्ये अडकली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमातंट्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला मधल्या काळात कोण नेणार, याची सोय कुठल्याच बाजूने केलेली नाही.

लहान देशांत हे प्रश्न आणखी स्पष्ट दिसतात. मध्य अमेरिकेतला बेलीझ आपल्या कोकण विभागापेक्षाही लहान, 22,966 चौरस किलोमीटरचा. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. 21 सप्टेंबर 1981ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला, पण शेजारचा ग्वाटेमाला त्याच्या मोठ्या भूभागावर हक्क सांगत राहिला. 2018मध्ये ग्वाटेमालात आणि 2019मध्ये बेलीझमध्ये जनमत घेऊन दोघांनी हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवला. इतक्या जुन्या भांडणातही बेन्के व्हिएहो आणि मेल्चोर या दोन गावांमधला नाका चालू आहे. बाजारहाटाला माणसे इकडून तिकडे जातात, परदेशी प्रवासी पायी शिक्का मारून पलीकडे उतरतात. देशातल्या रस्त्यावर बस कमी. ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेतल्या जुन्या शाळा-बस. म्हणून तिथे रस्त्याच्या कडेला हात करून उभे राहणे आणि पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून पुढच्या गावी जाणे ही रोजची रीत आहे, म्हातारे आणि शाळकरी मुलेही करतात. उत्तरेकडच्या कोरोझाल जिल्ह्यात कलकत्ता नावाचे एक गाव आहे, एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून नेलेल्या हिंदुस्थानी माणसांच्या वंशजांचे. त्यांच्या पणजोबांना त्या काळी परतीची गाडी मिळाली नाही. शेजारच्या ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांनी 2006च्या करारानुसार आपसातल्या जमिनीच्या सीमा प्रवाशांसाठी सैल केल्या, एका प्रवेशावर नव्वद दिवस चारही देशांत. यादवी युद्धांनी पोळलेल्या गरीब देशांना हे जमले. एकाच प्रजासत्ताकातल्या दोन राज्यांना मुक्या माणसांसारखे एकमेकांकडे पाठ करून बसायचे काही कारण नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पहिली राज्याच्या परिवहन खात्याकडे: पैसे न घेता दिलेली लिफ्ट हा गुन्हा नाही, असे स्पष्ट परिपत्रक काढून ते प्रत्येक वाहतूक चौकीत लावा. ऐरोलीसारखा दंड पुन्हा कुणाला भरावा लागू नये. दुसरी नवी मुंबई महापालिकेकडे: एल.पी., उरण फाटा इथे बसथांब्यांच्या शेजारी दिवा, छप्पर आणि कॅमेरा असलेली एक जागा लिफ्टसाठी करा, म्हणजे बायकांना खांबामागच्या अंधारात उभे राहावे लागणार नाही, आणि थांबणारी गाडीही महामार्गाच्या मधोमध ब्रेक मारणार नाही. पळस्पे फाट्यावर ज्यांची हद्द लागते त्यांनी तेच करावे. तिसरी दोन्ही सरकारांकडे: एसटी आणि गोव्याची कदंब परिवहन सेवा यांनी मिळून बांदा-पत्रादेवी-पेडणे आणि दोडामार्ग-म्हापसा या वाटांवर कामाच्या पाळ्या बघून पहाटेची आणि रात्रीची गाडी चालवावी. विमा कंपन्यांनी ट्रकच्या केबिनमधल्या एका पाहुण्याचा हप्ता ठरवून टाकावा. मालकाला तो जड जाणार नाही आणि एखाद्या गवंड्याचे घर वाचेल.

आणि तुम्हा वाचकांकडे एक विनंती. या दिवाळीत गावी जाताना गाडीत मागची सीट रिकामी असेल, तर तुमच्या पॉलिसीवर पॅकेज असे लिहिले आहे का ते आधी बघा. असेल तर उरण फाट्यावर वेग कमी करा, काच खाली घ्या आणि कुठे जायचे आहे ते विचारा. तुमच्या वाटेवरचे गाव निघाले तर बसवून घ्या, आणि पैसे मात्र घेऊ नका.